छडी गेली, चित्त कशाने बांधावे?

मृगाचा पाऊस आणि शाळेची घंटा या दोन गोष्टी खानदेशात पाठोपाठ येतात. शेतकऱ्यास बियाण्याची चिंता लागते, व्यापाऱ्यास उधारीची, आणि शिक्षक आपल्या जुन्याच प्रश्नापुढे पुन्हा येऊन उभा राहतो. मुलांची शरीरे वर्गात आहेत. मने कोठे आहेत? हा प्रश्न एकट्या शिक्षकांचा आहे असे जो समजेल तो फार भोळा म्हटला पाहिजे. जे मूल वर्गात कान मिटून बसावयास शिकते, तेच मोठे झाल्यावर सभेत आणि मतदानाच्या वेळीही कान मिटून बसते. म्हणून या प्रश्नास आम्ही राष्ट्राचा प्रश्न समजतो.

कायद्याने या बाबतीत आपले काम केले आहे. सन २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातील कलम १७ अन्वये मुलास शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई आहे, आणि १ एप्रिल २०१० पासून तो कायदा अंमलात आहे. परंतु कायदा शिक्षकाच्या हातातील छडी काढून घेऊ शकतो. तिच्या जागी काय द्यावे, हे कोणत्याही कलमात लिहिता येत नाही. छडी गेली आणि मुले ऐकेनाशी झाली, अशी कुरकूर शिक्षकांच्या खोलीत आणि पेढीवरील गप्पांतही ऐकू येते. ही कुरकूर करणारांस आम्ही आपल्याच पूर्व खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील, एका शिक्षकाच्या चरित्राकडे पाहण्याची विनंती करतो. हा कायदा होण्याच्या पंचाऐंशी वर्षे आधी त्याने अमळनेरच्या वर्गात पाऊल टाकले होते, आणि छडीवाचून त्याचे काहीही अडले नव्हते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. औंधास तर हाताने भाकरी भाजून विद्या करावी लागली. जिने मनाला वळण दिले ती आई १९१७ साली निवर्तली. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि तत्त्वज्ञानाच्या पुढील अभ्यासासाठी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. हे मंदिर १९१६ साली गिरणीमालक मोतीलाल माणेकचंद, म्हणजेच आपले प्रताप शेठजी, यांच्या दातृत्वाने उभे राहिले होते. कोकणातला एक निर्धन तरुण खानदेशात आला तो एका व्यापाऱ्याने विद्येसाठी थैली मोकळी केली म्हणून, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

तत्त्वज्ञानाच्या सूक्ष्म वादांत हा तरुण रमला नाही. १७ जून १९२४ रोजी खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, जी पुढे प्रताप हायस्कूल या नावाने प्रसिद्ध झाली तेथे, तो शिक्षक झाला. स्वभाव लाजाळू, वेष साधा. दरारा बसेल असे अंगी काहीच नाही. तरीही मुलांचे चित्त त्याच्याकडे ओढले गेले, याचे कारण काय? पहिले कारण असे की, तो रिकाम्या हाताने वर्गात जात नसे. त्याचे वाचन अफाट होते आणि ते गोष्टीच्या रूपाने मुलांपुढे येई. ऐकणाऱ्या मुलास आपण शिकत आहो याचा विसर पडे, आणि असा विसर पडलेले मूलच खरे शिकत असते. आमचे दुकानदार हे तत्त्व चांगले जाणतात. गिऱ्हाइकाला दुकानात खिळवून ठेवण्यासाठी कोणी दाराला कडी लावीत नाही. माल चोख ठेवतात आणि बोलणे गोड ठेवतात. कडी लावून बसविलेल्या वर्गात शांतता असेल, पण शांतता म्हणजे लक्ष नव्हे. स्मशानातही शांतता असते.

दुसरे कारण वर्गाच्या बाहेर सापडते. साने गुरुजींकडे शाळेच्या छात्रालयाचे काम आले. मुलांनी खोल्या अस्ताव्यस्त टाकाव्यात आणि पर्यवेक्षकाने दंड करावा, ही सगळीकडची रीत. गुरुजींनी ती उलटी केली. ते स्वतः केरसुणी घेऊन खोली झाडीत, मुलांचे पडलेले कपडे धूत, आजारी मुलाच्या उशाशी बसून रात्र काढीत. ज्याची खोली गुरुजींनी झाडली त्या मुलास दुसऱ्या दिवशी अस्वच्छ राहण्याची लाज वाटे, आणि ती लाज छडीच्या वळापेक्षा अधिक काळ टिके. अशा मुलाला वर्गात बसल्यावर लक्ष द्या असे सांगण्याची गरज उरत नसे. माणूस ज्याच्यावर प्रेम करतो त्याचे बोलणे आपोआप ऐकतो, हा घराघरांतला अनुभव त्यांनी शाळेत आणला.

तिसरी गोष्ट आम्हांस पत्रकार म्हणून विशेष प्रिय आहे. गुरुजींनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. छापखाना नाही, वर्गणी नाही, जाहिरात नाही. रोज स्वहस्ते लिहावयाचे आणि मुलांपुढे ठेवावयाचे. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक काढले. ज्या मुलाला आज सकाळी काहीतरी नवे वाचावयास मिळेल अशी आशा असते, ते मूल शाळेत ओढून न्यावे लागत नाही. लक्ष हे भुकेसारखे आहे. बळेच भरविलेले अन्न बाहेर पडते. भूक लावून दिली म्हणजे पोर स्वतः पाट मांडून बसते. गुरुजींनी ही भूक लावून दिली.

जेमतेम सहा वर्षांत हा वर्ग सुटला. मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि २९ एप्रिल १९३० रोजी गुरुजींनी शाळा सोडली. पुढे तुरुंगवास घडले. त्यांपैकी १९३२ सालचा धुळ्याचा तुरुंगवास आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. त्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. श्रोत्यांत जमनालाल बजाजांसारखे मोठे व्यापारीही होते. आणि अमळनेरचा हा नामांकित शिक्षक तेथे हाती लेखणी घेऊन विद्यार्थी होऊन बसला होता. बोलणाऱ्याच्या वेगाने त्याने ती प्रवचने उतरून घेतली. म्हणूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज देशातील अनेक भाषांत वाचावयास मिळतो. चार भिंतींच्या आत, कैदेत असताना, चित्त एवढे एकाग्र करणाऱ्या पुरुषाकडे मुलांचे चित्त का लागे, याचा उलगडा येथे होतो. ज्याला ऐकता येते, त्यालाच ऐकविता येते. मुले ऐकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकास आम्ही नम्रपणे विचारतो, मुलांचे आपण किती ऐकता?

पुढचे चरित्र सर्वश्रुत आहे. नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या दिवसांत 'श्यामची आई' लिहिली गेली, आणि शाळेचा वर्ग सुटलेल्या शिक्षकास सारा महाराष्ट्र वर्ग म्हणून मिळाला. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. १९३८ साली अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक काढले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून प्राण पणास लावले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' सुरू केले. ११ जून १९५० रोजी ते गेले. शाळेत त्यांनी पाऊल ठेवले ते जून महिन्यात, आणि जगाचा निरोप घेतला तोही जून महिन्यातच.

यावर कोणी म्हणतील की, साने गुरुजी संत होते, भावनावश होते. पगारी शिक्षकास त्यांचा कित्ता कसा गिरविता येईल? आक्षेप अगदीच पोकळ नाही. केरसुणी हाती घ्या असा हुकूम सोडून कोणी गुरुजी होत नाही. पण पाठाची तयारी करून वर्गात जाणे, आठवड्यातून एकदा भिंतीवर हस्तलिखित लावणे, शिक्षा करण्यापूर्वी मुलाची अडचण विचारणे, यांसाठी संतपणा लागत नाही. आणि जे शिक्षकाच्या हाती नाही, त्याची जबाबदारी समाजाची आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत प्राथमिक वर्गांस तीस मुलांमागे व उच्च प्राथमिक वर्गांस पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले आहे. कलम २७ अन्वये जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकांस शिक्षणाबाहेरच्या कामास जुंपता येत नाही. शिक्षकाच्या डोक्यावर कागदांचे ओझे आणि समोर दुप्पट मुले ठेवून त्याच्याकडून गुरुजींची अपेक्षा करणे, हा ढोंगीपणा होय.

म्हणून जळगाव, धुळे, अमळनेर येथील संस्थाचालकांस, आणि त्यांत वकील व व्यापारीच पुष्कळ आहेत, आमचे सांगणे स्पष्ट आहे. शाळेच्या कमानीवर नाव कोरण्यापूर्वी आत ग्रंथालय उघडे आहे की कुलपात आहे ते पाहा. आपल्या शाळेतील एकेका वर्गात किती मुले बसतात ती मोजा, आणि ती संख्या कायद्यापुढे धरून पाहा. पालकांनीही रात्री अर्धा तास हातातील फोन खाली ठेवून, आज शाळेत काय ऐकलेस, एवढेच मुलास विचारावे. प्रताप शेठजींनी द्रव्य दिले, गुरुजींनी जीव दिला. या दोहोंच्या मिलाफातून अमळनेरची ती सहा वर्षे घडली. द्रव्य खानदेशात आजही आहे. जीव लावणारे शिक्षकही आहेत. त्यांचे हात मोकळे करण्याचे काम तेवढे आपले आहे, आणि ते याच जूनपासून सुरू झाले पाहिजे.