कलाभवनचे विद्यार्थी दादासाहेब फाळके

आपल्या उत्सवात पडदा लावून चित्रपट दाखवण्याची आणि चित्रपटसृष्टीत गेलेल्या गावच्या कलावंताला चार शब्द बोलायला बोलावण्याची हौस जुनीच आहे. पण या धंद्याचा पाया ज्यांनी घातला, ते धुंडिराज गोविंद फाळके काही वर्षे आपल्या बडोद्याचेच होते, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे लागते.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते थोरल्या बंधूंकडे बडोद्याला आले आणि कलाभवनात चित्रकला व छायाचित्रण शिकले. पुढे गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ थाटला. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, असा त्या काळी लोकांचा समज! त्यातच प्लेगने पत्नी आणि मूल हिरावले. फाळक्यांनी गाव सोडले.

नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात तीही त्यांनी सोडली. सरकारी नोकरी सोडायला काय छाती लागते, ते आम्हा सरकारी नोकरांना विचारावे. मग छापखाना काढला, तो भागीदारांशी न पटल्याने सुटला. हात रिकामे असताना मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण त्यांना दिसू लागले. अहोरात्र प्रयोग करताना दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली, हे नशीब.

१९१२ साली विमा गहाण टाकून ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. भांडवलदारांना पटवण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून त्यांनी छोटी फिल्म केली. पैसे मिळाले, तरी दागिने गहाण पडलेच. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडत, ती धुऊन काढत आणि पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाकही करत. माझ्या मते निम्मे श्रेय या बाईंचे आहे. पाटीवर नाव मात्र एकट्या दादासाहेबांचे.

तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार होईना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! 'कालियामर्दन'मध्ये (१९१९) बाळकृष्ण झाली होती दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी.

चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारी एक छोटी फिल्मही त्यांनी काढली. तिच्यात ते स्वतः काम करताना दिसतात. पडद्यामागचे आज आपण पाहुण्याला विचारतो, ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच पडद्यावर मांडले होते. मंडळाने पुढच्या वर्षी तिचा उरलेला तुकडा मुलांना जरूर दाखवावा.

१९१८ साली भागीदारांबरोबर 'हिंदुस्थान' कंपनी निघाली. तिथेही बिनसले. चिडून ते काशीला गेले, नाटक लिहिले आणि पुन्हा कंपनीत परतले. पण बोलपट आला आणि त्यांचा काळ सरला. १९३७चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. पुढची वर्षे नाशिकला ओढगस्तीत गेली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला अजून पंचवीस वर्षे होती.