लाकडी बाहुल्यांचा लेखक

मैत्रिणींनो, एक प्रसंग सांगते. नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागलाय. दुकानाकडे लक्ष नाही, पदरात दोन लहान पोरं. बायको मुकाट्यानं दुकान सांभाळते, पोरांना सांभाळते. आणि एके दिवशी तिला कळतं की ती दुसरी बाई जीव द्यायला निघाली आहे. अशा वेळी बायको काय करेल? आपल्या टीव्ही मालिकांमधली असती तर सुटकेचा श्वास टाकला असता. पण ही बायको उठते, कपड्यांची पेटी उघडते, स्वतःचे आणि पोरांचे चांगले कपडे एकेक करून बाहेर काढते. गहाण टाकायला. त्या पैशांतून दुसरीला सोडवून आणता यावं म्हणून!

ही बायको म्हणजे ओसान. ती हाडामांसाची नाही, लाकडाची आहे. जपानमधल्या ओसाका शहरात 1721 साली एका बाहुलीनं हा प्रसंग पहिल्यांदा रंगमंचावर केला, आणि आज तीनशे वर्षांनंतरही तो बघताना लोक डोळे पुसतात. तो लिहिणारा माणूस म्हणजे चिकामात्सु मोन्झाएमोन. त्याला जपानचा शेक्सपिअर म्हणतात. मला असली तुलना फारशी आवडत नाही, कारण शेक्सपिअरच्या हाताशी जिवंत नट होते. याच्या हाताशी होते लाकडाचे ठोकळे आणि त्यांना नाचवणारे, गाणारे, वाजवणारे काही वेडे लोक.

चिकामात्सुचा जन्म 1653 सालचा, एचिझेन प्रांतातला. आज त्या भागाला फुकुई म्हणतात. त्याचं खरं नाव सुगिमोरी नोबुमोरी. घराणं सामुराईंचं, म्हणजे तलवार बांधणाऱ्यांचं. पण वडिलांची चाकरी सुटली आणि कुटुंब क्योतोला आलं. तिथं या मुलानं दरबारी सरदारांच्या घरी नोकरी केली. मोठ्यांच्या घरात वावरला, जुनी काव्यं, जुन्या कथा कानावर पडल्या. अशा मुलानं पुढं कुठंतरी मानाची जागा पकडावी, असंच घरच्यांना वाटलं असणार. त्यानं काय केलं, तर सरळ नाटकवाल्यांत जाऊन बसला! तेव्हा जपानमध्ये नाटकवाल्यांना समाजात खालचं स्थान होतं. आपल्याकडेही चांगल्या घरातल्या मुलानं तोंडाला रंग लावला की घरात सुतक पडायचं, तसलाच प्रकार.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बाहुल्यांचा खेळ म्हटला की आपल्याला जत्रेतला पोरांचा खेळ आठवतो. जपानमधला हा प्रकार मोठ्या माणसांसाठी होता. त्याला जोरुरी म्हणत, पुढं बुनराकु हे नाव रूढ झालं. यात बाहुली बोलत नाही आणि बाहुली नाचवणाराही बोलत नाही. बाजूला एक गायक बसतो. गोष्ट तोच सांगतो, राजाही तोच, रडणारं पोरही तोच आणि खाष्ट सासराही तोच. त्याच्या शेजारी शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवणारा. आपल्याकडचा कीर्तनकार कसा एकटाच सगळी पात्रं उभी करतो, तसंच काहीसं. फरक एवढाच, की इथं त्याच्या शब्दांवर बाहुल्या चालतात.

चिकामात्सु आधी क्योतोत उजी कागानोजो या नामवंत गायकासाठी लिहायचा. 1684 साली ओसाकात ताकेमोतो गिदायु नावाच्या गायकानं दोतोंबोरी भागात आपलं स्वतःचं थिएटर काढलं. गिदायु शेतकऱ्याचा मुलगा, पण आवाज असा खणखणीत की पुढं या गायकीलाच लोक त्याच्या नावानं ओळखू लागले. सामुराईचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा, ही जोडी जमली. 1685 साली चिकामात्सुनं त्याच्यासाठी पहिलं नाटक लिहिलं. त्या काळी लेखकाचं नाव कुणी छापत नसे. लेखक म्हणजे गायकाला मजकूर पुरवणारा. चिकामात्सुनं आपलं नाव घालायला सुरुवात केली, तर लोकांनी नावं ठेवली! पण गडी मागं हटला नाही.

मध्ये दहाएक वर्षं तो बाहुल्या सोडून काबुकीकडे गेला. म्हणजे खऱ्या नटांच्या नाटकांकडे. साकाता तोजुरो हा तेव्हाचा बडा नट, त्याच्यासाठी त्यानं बरंच लिहिलं. नट कितीही चांगला असला तरी लेखकाचे शब्द आपल्या सोयीनं फिरवतो, हे काही आजचं नाही. बाहुली मात्र शब्द फिरवत नाही.

इकडे गिदायुच्या थिएटरवर कर्ज झालं होतं. आणि 1703 साली ओसाकात एक घटना घडली. सोनेझाकीच्या देवळाच्या रानात एका तरुण-तरुणीनं एकत्र जीव दिला. तो सोया सॉसच्या दुकानातला नोकर तोकुबेई, ती ओहात्सु, कलावंतिणींच्या वस्तीत विकली गेलेली मुलगी. गावभर चर्चा. महिन्याभरात चिकामात्सुनं त्यावर नाटक लिहिलं आणि ते रंगमंचावर आलंसुद्धा.

तोपर्यंत बाहुल्यांच्या नाटकांत काय असायचं? राजे, सरदार, लढाया, देवांचे चमत्कार. आणि आता पडदा उघडला तर दुकानातला पोऱ्या! मालक म्हणतो बायकोच्या भाचीशी लग्न कर. सावत्र आईनं हुंड्याची रक्कम आधीच घेऊन ठेवलेली. तोकुबेई कसेबसे ते पैसे परत मिळवतो आणि अडचणीतल्या मित्राला उसने देतो. मित्र उलटतो. वर यानंच माझा शिक्का वापरून खोटा कागद केला, असा चारचौघांत आरोप करतो. पैसे गेले, अब्रू गेली. बघायला आलेल्या दुकानदारांना, कारकुनांना, त्यांच्या घरच्या बायकांना हे सगळं ओळखीचं होतं. नाटक तुफान चाललं आणि थिएटरचं कर्ज फिटलं.

ओहात्सुची बाहुली तेव्हा तात्सुमात्सु हाचिरोबेई या कसबी माणसानं हलवली. तोपर्यंत बाहुलीवाले पडद्याआड लपायचे, पण हाचिरोबेई प्रेक्षकांना दिसत होता. शामिसेन वाजवायला ताकेझावा गोन्एमोन आणि गायला खुद्द गिदायु. ही सगळी टीम लक्षात ठेवा, कारण लेखकाचं नाव मोठं झालं की बाकीच्यांची नावं विसरली जातात. तेव्हा एका बाहुलीला एकच माणूस हलवत असे. आज दिसणारी तीन माणसांची पद्धत, म्हणजे एक डोकं आणि उजवा हात सांभाळणारा, दुसरा डावा हात आणि तिसरा पाय, ती 1734 साली आली. चिकामात्सुनं ती बघितलीच नाही. या कलेत असं म्हणतात की दहा वर्षं पाय शिकायचे, दहा वर्षं डावा हात, मग कुठं डोक्याला हात लावायचा. आपल्याकडे सुनेला दहा वर्षांनी फोडणी घालायला मिळायची, त्यातलीच ही गत!

त्या नाटकात एक दृश्य आहे. ओहात्सु ओसरीवर बसली आहे. तिच्या लांब वस्त्राखाली, ओसरीच्या खाली तोकुबेई लपला आहे. समोर तो दगाबाज मित्र बसून तोकुबेईची निंदा करतोय. ओहात्सुला उघड काही बोलता येत नाही. ती मित्राशी बोलल्यासारखं करत, पायानं खाली विचारते, की मरायची तयारी आहे ना? तोकुबेई तिचा पाय हातात घेतो आणि आपल्या गळ्यावरून फिरवतो. बस्स. इतकंच उत्तर. गंमत म्हणजे या बाहुल्यांमध्ये बायकांच्या बाहुलीला पाय नसतातच. वस्त्राचा घोळ हलवून ती चालते असं भासवतात. पण 1955 साली हे नाटक पुन्हा रंगमंचावर आलं, त्यात ओहात्सुच्या बाहुलीला खास या दृश्यासाठी एक पाऊल दिलं. एवढंसं गोरं पाऊल.

1705 साली ताकेदा इझुमो थिएटरचा कारभार बघायला लागला. यांत्रिक बाहुल्यांच्या घराण्यातला माणूस, पक्का व्यवहारी. हिशोब त्याच्याकडे गेला आणि गिदायु फक्त गाण्याला मोकळा झाला. चिकामात्सुही क्योतो सोडून ओसाकात आला आणि याच थिएटरचा होऊन राहिला. 1714 साली गिदायु गेला. तीस वर्षांची साथ सुटली. लोकांना वाटलं, आता हे थिएटर बसणार. गादीवर आलेला नवा गायक विशीतला पोरगा! तेव्हा साठी ओलांडलेल्या चिकामात्सुनं 1715 साली कोक्सिंगा या वीराचं भव्य नाटक लिहिलं. चीनमधली युद्धं, वाघाशी झुंज, यंत्रांची कमाल. ते सलग सतरा महिने चाललं. तो पोरगा तरला आणि थिएटरही तरलं.

माझं मत विचाराल तर मला त्याची ती लढायांची नाटकं नकोत. मला ओसान हवी.

ओसानची खरी गोष्ट पेटी उघडण्याच्या आधीच सुरू होते. तिचा नवरा जिहेई कागदाचा व्यापारी. कोहारु या कलावंतिणीबरोबर तो जीव देणार, हे ओळखून ओसाननं कोहारुला गुपचूप पत्र लिहिलेलं असतं, की बाई, माझ्या नवऱ्याला वाचव, त्याला सोड. आणि कोहारु ऐकते! आपण फसवी आहोत, आपलं प्रेम नाही, असं सोंग करून ती जिहेईला तोडून टाकते. पत्राचा विषय कुणाकडे काढत नाही. जिहेई तिला शिव्या घालत घरी येतो. मग कळतं, दुसरा कुणी श्रीमंत कोहारुला विकत घेणार आहे. जिहेई चरफडतो, पण ओसानच्या काळजात धस्स होतं. कारण ती एकटीच जाणते की कोहारु त्या माणसाकडे जाणार नाही, मरेल. जिनं आपला शब्द पाळला तिला मरू कसं द्यायचं? म्हणून ती व्यापाऱ्याचं देणं भागवायला ठेवलेली चांदी काढते आणि मग कपड्यांची पेटी उघडते. कोहारु या घरात आली तर तुझं काय, असं नवरा विचारतो, तेव्हा मात्र ती क्षणभर गोंधळते. मुलांची दाई होईन, स्वयंपाकीण होईन. याचा तिनं विचारच केलेला नसतो.

तेवढ्यात तिचा बाप येतो, रिकामी पेटी बघतो आणि लेकीला ओढून घेऊन जातो. पोरं मागं रडत राहतात. शेवटी जिहेई आणि कोहारु अमिजिमाला जीव देतात. पण तिथंही कोहारुला ओसानची आठवण छळते. आपले देह शेजारी सापडले तर ओसानला काय वाटेल, म्हणून ते वेगवेगळ्या जागी मरतात. ही घटनाही 1720 साली खरोखर घडलेली. पण दोन बायकांमधलं हे नातं चिकामात्सुनं ज्या बारकाईनं उभं केलं, ते मात्र वर्तमानपत्री बातमीत मावणारं नव्हे. एका पुरुषापायी दोन बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात, हे दाखवणं सोपं असतं.

एक गोष्ट मात्र खटकते, ती सांगितलीच पाहिजे. ही नाटकं बघून अशा जोडआत्महत्या वाढल्या. सरकार घाबरलं आणि 1723 साली अशा विषयांवरच्या नाटकांना बंदी घातली. अशा जोडप्यांना नीट अंत्यसंस्कारही मिळेनात. बंदी आततायी होती, पण मरणाला इतकं सुंदर करून दाखवल्याची जबाबदारी लेखकावर अजिबात नाही, असंही मला म्हणवत नाही.

पुढच्याच वर्षी ओसाकात प्रचंड आग लागली, त्यात थिएटर जळालं. 1725 च्या जानेवारीत चिकामात्सु गेला, बहात्तराव्या वर्षाच्या आसपास. शंभराहून जास्त नाटकं मागं ठेवून. जाण्याआधी आपल्या चित्रावर त्यानं चार ओळी लिहिल्या, त्यात स्वतःचीच टिंगल आहे. सामुराई होतो ते सोडलं, सरदारांकडे राहिलो पण पद मिळालं नाही, बाजारात राहिलो पण धंदा कळला नाही, अशा अर्थाची.

आणि हो, एवढं बायकांचं मन सांगणाऱ्या या रंगमंचावर बाई कुठं होती? कुठंच नव्हती. ओसान, कोहारु, ओहात्सु, सगळ्यांना पुरुषांचे हात आणि पुरुषांचे आवाज. ओसाकाच्या राष्ट्रीय बुनराकु थिएटरमध्ये ही परंपरा पुरुषांचीच राहिली. पण त्याबाहेर बायका गप्प बसल्या नाहीत. बाहुल्यांशिवाय, नुसतं बसून गिदायुची ही गायकी त्यांनी उचलली आणि एके काळी या तरुण गायिकांच्या मागे विद्यार्थी वेडे झाले होते. आवाजी बेटावरच्या ताकेमोतो कोमानोसुके या गायिकेला 1999 साली जपान सरकारनं जिवंत राष्ट्रीय ठेवा हा मान दिला. ओसाकात 1920 च्या दशकात तर एकेका मुलीनं एकेक मोठी बाहुली स्वतःच्या अंगाला बांधून हलवायची नवीच पद्धत निघाली. बाहुलीचं डोकं मुलीच्या डोक्याला दोऱ्यांनी जोडलेलं. मुलीनं मान वळवली की बाहुली मान वळवते.

ओसाकात सोनेझाकीचं ते देऊळ अजून आहे. मूळ नाव वेगळं असलं तरी लोक त्याला ओहात्सुचंच देऊळ म्हणतात. आवारात त्या दोघांचा पुतळा आहे आणि प्रेमात पडलेली पोरं-पोरी तिथं येऊन नवस बोलतात.