आनंदीबाई जोशी: दहा दिवसांचं बाळ आणि आईचा वास

आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा, कल्याणचा. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या, पण उपचारांअभावी बाळ दहाच दिवसांत गेलं. त्यानंतर त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, क्षयाने त्यांना पुण्यात गाठलं.

जन्मानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत बाळाच्या मेंदूत काय घडतं, हे विज्ञानाला खूप नंतर कळलं. नवजात बाळाला दूरचं स्पष्ट दिसत नाही, पण आईचा वास ते पहिल्या आठवड्यातच ओळखू लागतं. वासाचा संदेश मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या केंद्रांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचतो. त्या वासाने रडणारं बाळ शांत होतं, दूध प्यायला वळतं. आईची ओढ इथूनच रुजते.

म्हणून लासूर स्टेशन असो की मुंबई, जन्मल्याबरोबर बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवा, असं आज डॉक्टर सांगतात. बाळाला ऊब मिळते आणि आईची ओळखही पटते.