डॉक्टर रखमाबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात, असा आपल्या कार्यवाह बाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाणसामानाची यादी आणि माहेरची पत्रे यांपलीकडे लेखणीशी फारसा संबंध आलेला नाही. तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

यंदा १ जुलैला आपण डॉक्टर दिन केला. पाऊस मी म्हणत होता, तरी मंडळाची खोली भरली होती. पिंगुळी-कुडाळच्या डॉक्टरमंडळींना शाल, श्रीफळ आणि परसातल्या अनंताची फुले देऊन आपण ओवाळले. १ जुलै हा दिवस बंगालचे डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा. १८८२ साली ते याच तारखेला जन्मले आणि १९६२ साली मुख्यमंत्रिपदावर असताना याच तारखेला वारले. १९९१ पासून हा दिवस आपल्या देशात पाळतात. पण डॉक्टरांसाठी वर्षातला एक दिवस असावा ही कल्पना आधी कोणाला सुचली, हे कळले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. अमेरिकेत जॉर्जिया प्रांतात विंडर नावाचे एक लहान गाव आहे. तिथे युडोरा आल्मंड नावाच्या बाई होत्या, एका डॉक्टरांच्या पत्नी. त्यांच्या पुढाकाराने तिथल्या डॉक्टरांच्या बायकांच्या मंडळाने ३० मार्च १९३३ रोजी हा दिवस पाळला. डॉक्टरांना शुभेच्छापत्रे पाठवली, आणि जे डॉक्टर हयात नव्हते त्यांच्या थडग्यांवर फुले नेऊन ठेवली. म्हणजे हीसुद्धा बायकांच्या मंडळाचीच करणी! आपण हयात डॉक्टरांना फुले दिली, गेलेल्यांचे राहून गेले. ते राहिलेले फूल मी आज डॉ. रखमाबाईंच्या नावाने ठेवते.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. जात सुताराची. मुलगी दोन-अडीच वर्षांची असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई तेव्हा अवघी सतरा वर्षांची. सुतार समाजात विधवेचे दुसरे लग्न होत असे, म्हणून बरे. जयंतीबाईंनी काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी लग्न केले. पण त्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून ठेवली. त्या बाईच्या शहाणपणाचे मला फार कौतुक वाटते. पुढे या मालमत्तेनेच मुलीला पोसले, आणि कज्ज्याच्या मुळाशीही तीच होती असे रखमाबाईंच्या बाजूचे म्हणणे होते.

सावत्र बाप म्हटला की आपल्या मनात काहीबाही येते. सखाराम अर्जुन तसे नव्हते. ते नावाजलेले डॉक्टर होते आणि झाडपाल्याचे मोठे जाणकार होते. १८८३ साली मुंबईत निसर्गाच्या अभ्यासकांनी जी संस्था काढली, तिच्या संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते त्यांतले एक हे. अशा घरात रखमाबाई वाढल्या. तरी लग्न व्हायचे ते अकराव्या वर्षी झालेच. नवरा दादाजी भिकाजी, सखाराम अर्जुनांच्या नात्यातला, वय एकोणीस. त्याने सासऱ्यांकडे राहून शिकावे असे ठरले होते म्हणे. पण शिकण्यात त्याचे मन रमले नाही आणि तो आपल्या मामाकडे राहायला गेला. रखमाबाई माहेरीच राहिल्या. शाळा सुटलेली, म्हणून मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणवून घरीच वाचू लागल्या. आईबरोबर प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. आर्य महिला समाज हे पंडिता रमाबाईंनी १८८२ साली काढलेले बायकांचे मंडळच. मंडळात बसून चार बायकांचे ऐकले की काय होते, हे तुम्हाआम्हाला वेगळे सांगायला नको.

१८८४ साली दादाजीने वकिलाकरवी पत्र धाडले की बायकोने नांदायला यावे. रखमाबाईंनी नकार दिला. तेव्हा दादाजीने हायकोर्टात दावा लावला. एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. पाठीशी उभा राहणारा बाप गेला, आई दुसऱ्यांदा विधवा झाली आणि दारात कोर्टाचे समन्स. त्याच साली रखमाबाईंनी बालविवाहाविरुद्ध इंग्रजी वर्तमानपत्रात आपले नाव न घालता पत्रे लिहिली, ती विलायतेपर्यंत गाजली. सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला की न कळत्या वयात लग्न लावलेल्या, कधी एकत्र न राहिलेल्या स्त्रीला जबरीने नवऱ्याच्या घरी पाठवता येणार नाही. यावर देशभर गदारोळ उठला. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. लोकमान्यांच्या केसरीने मात्र त्यांच्या विरुद्ध लिहिले. लोकमान्य आपल्या रत्नागिरीचे, त्यांच्या तसबिरीला मी लहानपणापासून हात जोडत आले. हे वाक्य लिहिताना लेखणी जरा अडखळली. पण घडले ते असे घडले.

दादाजीने वरच्या न्यायाधीशांकडे दाद मागितली. तिथे तो निकाल फिरला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की एका महिन्यात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगावी. बावीस वर्षांच्या त्या मुलीने तुरुंग पत्करला. नवऱ्याकडे जाणार नाही, तुरुंगात जाईन, असे तिने कळवून टाकले. मी हे वाचले त्या दिवशी चुलीवरचा भात लागला. आमच्या पिढीतसुद्धा माहेरी दोन महिने राहिले तरी शेजारीण विचारी की नांदायला कधी जाणार. आणि ही मुलगी सरकारला तोंडावर सांगते!

याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. अमेरिकेत जाऊन डॉक्टर होऊन आलेली आपली पहिली मुलगी, अजून बावीसही पुरी न झालेली, लोकांची सेवा करायला मिळण्याआधीच गेली. एका आठवड्यात महाराष्ट्राने एक लेक स्मशानात पोचवली आणि दुसरीला तुरुंगाची वाट दाखवली.

प्रत्यक्ष तुरुंगात जावे मात्र लागले नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला आणि पुढे दुसरे लग्न केले. रखमाबाईंनी पुन्हा लग्न केले नाही.

मुंबईत १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झाले होते. तिथे बायकांना तपासायला बायकाच. तिथल्या मुख्य डॉक्टर एडिथ पिची यांनी रखमाबाईंना धीर दिला आणि मदत मिळवून दिली. १८८९ साली त्या विलायतेला निघाल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या. इकडे त्यांच्या खटल्याने उठलेली चर्चा निमाली नव्हती. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाचे वय बारा झाले. बाराच! पण तेवढ्यासाठीही केवढे रान उठले होते.

परत आल्यावर त्यांनी सुरतेला स्त्रियांच्या दवाखान्यात काम धरले आणि तिथे वीस-बावीस वर्षे काढली. १९१८ साली सरकारी स्त्रीवैद्यकीय सेवेतली जागा नाकारून त्या राजकोट संस्थानच्या जनाना इस्पितळात गेल्या. सारे मिळून सुमारे पस्तीस वर्षे. या वर्षांवर कोणी खटल्याइतके लिहीत नाही. मला मात्र तेच मोठे वाटते. कोर्टाचा निकाल एका दिवसात लागतो. बाळंतिणी रोज येतात, रात्री-बेरात्री येतात.

इथे माझ्या आतेची आठवण सांगते. ती वारली तेव्हा मी परकरी पोर होते. तिच्या छातीत गाठ झाली होती. दोन वर्षे तिने कोणाला सांगितले नाही. दिवसभर काम करी, रात्री मीठ गरम करून शेकत बसे. डॉक्टर चांगले होते, घरापासून लांबही नव्हते, पण पुरुष होते. त्यांच्यापुढे पदर काढायचा कसा, म्हणून ती गेलीच नाही. शेवटी माझ्या आईने पाहिले तेव्हा उशीर झाला होता. मी हे आजवर कुठे बोलले नाही. सुरतेच्या आणि राजकोटच्या घराघरांत अशा किती आत्या असतील. त्यांच्यासाठी दवाखान्यात एक साडी नेसलेली डॉक्टर बसली होती.

एक गोष्ट आपल्या बैठकीत वादाची झाली, तीही लिहिते. १९०४ साली दादाजी वारला, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे पातळ नेसायला सुरुवात केली. ज्याच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंग बरा, त्याच्यासाठी पांढरे पातळ का? कोणी म्हणाल्या, लोकांच्या तोंडाला भिऊन. कोणी म्हणाल्या, संस्कार सुटत नाहीत. मला दोन्ही पटत नाही. बाई लोकांना भिणारी नव्हती. मला आपले वाटते की तिला त्या माणसाचा राग नव्हताच. न विचारता गळ्यात बांधलेल्या गाठीचा राग होता. पण हे माझे मत झाले.

निवृत्तीच्या सुमारास, १९२९ साली, पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी एक पुस्तिका लिहिली. उरलेले आयुष्य मुंबईत गेले. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा झाला आणि हिंदू स्त्रीला कोर्टातून घटस्फोट मागता येऊ लागला. रखमाबाई तेव्हा हयात होत्या, वय नव्वद. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या गेल्या. ज्या जातीच्या दाव्याने त्यांना कोर्टात खेचले, तो नांदायला बोलावण्याचा दावा त्या कायद्याच्या नवव्या कलमात अजून आहे.

पुढच्या १ जुलैला टेबलावर रखमाबाईंचा फोटो ठेवायचा असे बैठकीत ठरले आहे. चौकटीचा खर्च मी देते. मुंबईला कोणाचे जाणे-येणे असेल आणि चांगला मोठा फोटो मिळण्यासारखा असेल, तर कार्यवाह बाईंकडे कळवावे. अनंताला तेव्हा फुले असतातच.