सुट्टीला आले आणि राहिले : डॉ. होमी भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा म्हटले की आपल्या जोयडेकरांना अणुवीज आठवते आणि काळीकाठचे कैगा. पण भाभांचे पहिले प्रेम होते आकाशातून येणाऱ्या कणांवर. गणेशोत्सवाच्या निमित्ताने त्यांच्या आयुष्याची ती बाजू आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुखवस्तू पारशी घरात त्यांचा जन्म झाला. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, ही घरच्यांची इच्छा. केंब्रिजमध्ये त्यांनी ती परीक्षा पहिल्या वर्गात दिली आणि मग आपल्या आवडीच्या भौतिकशास्त्राकडे वळले. अंतराळातून आलेला एकच विश्वकिरण हवेवर आदळून कणांचा पाऊस कसा पाडतो, याचे गणित त्यांनी हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये मांडले.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी घरी आले आणि महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली, म्हणून बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम सुरू केले. पुढे परदेशाची दारे उघडली असती, पण भाभांनी इथेच राहायचे ठरवले. १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्तांना पत्र लिहिले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली.

विश्वकिरण मोजायला संस्थेने उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडले. पुढे प्लास्टिकचे प्रचंड फुगे स्वतःच तयार केले. भाभांच्याच सांगण्यावरून कर्नाटकचे बी. व्ही. श्रीकांतन कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. तिथे १९६५ मध्ये, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, हवेत जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभा गेले. वय अवघे ५६.

कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू लाखो अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो. आभाळ निरभ्र असले तरी आपली हवा ते वरच्यावर अडवते. त्यासाठी उंच जावेच लागते. ती वाट भाभांच्या फुग्यांनी आधीच करून ठेवली होती. १९६८ मध्ये श्रीकांतन आणि सहकाऱ्यांनी हैदराबादहून क्ष-किरणांची उपकरणे फुग्याने वर पाठवली. २०१५ मध्ये ॲस्ट्रोसॅट उपग्रह झेपावला, त्यावरच्या क्ष-किरण दुर्बिणींत याच संस्थेचा मोठा हात होता. हंस तारकासमूहातील सिग्नस एक्स-१ हे कृष्णविवर त्याने न्याहाळले. भाभांना यातले काहीच पाहायला मिळाले नाही.

गणपतीला आपलीही मुले पुण्या-बंगळूरहून चार दिवसांची सुट्टी काढून येतात. सगळ्यांनी राहावे असे आम्ही म्हणणार नाही. पोटापाण्याची गणिते आम्हालाही कळतात. पण सुट्टीला आलेला एक जण राहिला, तर केवढे उभे राहू शकते, हे त्यांना आरतीनंतर जरूर सांगावे.