विल्यम केम्प

विल्यम केम्प (मृत्यू: इ.स. १६०३ च्या सुमारास) हा एलिझाबेथकालीन इंग्लिश रंगभूमीवरील विख्यात विनोदी नट व नर्तक होता.

कारकीर्द

अर्ल ऑफ लेस्टरच्या आश्रयाखालील नटांपैकी एक म्हणून तो १५८५-८६ मध्ये नेदरलँड्सला गेला. १५८६ मध्ये त्याने डेन्मार्कच्या राजदरबारी कला सादर केली. १५९४ मध्ये स्थापन झालेल्या 'लॉर्ड चेंबरलेन्स मेन' या नाटकमंडळीचा तो प्रमुख सदस्य होता. त्या वर्षीच्या नाताळात राणीपुढे झालेल्या प्रयोगांचे मानधन स्वीकारणाऱ्यांत विल्यम शेक्सपिअर व रिचर्ड बर्बेज यांच्यासह त्याचेही नाव आढळते. 'रोमिओ अँड ज्युलिएट' (१५९९) व 'मच अडू अबाउट नथिंग' (१६००) यांच्या छापील प्रतींत काही ठिकाणी पीटर व डॉगबेरी या पात्रांऐवजी केम्पचेच नाव राहून गेले आहे. त्यावरून या भूमिका त्याच्यासाठी लिहिल्या होत्या, असे मानले जाते.

१५९९ मध्ये तो ग्लोब नाट्यगृहाचा भागीदार झाला, परंतु लवकरच मंडळीतून बाहेर पडला. विदूषकांनी संहितेबाहेर पदरचे बोलू नये, असे हॅम्लेट नटांना बजावतो. त्याचा रोख केम्पकडे असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. केम्पची जागा घेणाऱ्या रॉबर्ट आर्मिनच्या काळात शेक्सपिअरचे विदूषक अधिक चतुर व अंतर्मुख झाले.

नॉर्विचपर्यंतचे नृत्य

१६०० मध्ये केम्प पायांत घुंगरू बांधून लंडनपासून नॉर्विचपर्यंत शंभराहून अधिक मैल नाचत गेला. नाचाचे दिवस नऊ होते, मात्र मधल्या विश्रांतीमुळे प्रवास सुमारे चार आठवडे चालला. याविषयी पसरलेल्या खोट्या कवनांना उत्तर म्हणून त्याने 'केम्प्स नाइन डेज वंडर' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे युरोपचा प्रवास करून तो १६०१ मध्ये परतला व 'वुस्टर्स मेन' या मंडळीत सामील झाला.

आधुनिक विनोदातील संदर्भ

'शेक्सपिअर इन लव्ह' (१९९८) या चित्रपटात केम्प शेक्सपिअरकडे शोकांतिकेची मागणी करतो. मागणारा हा त्या काळचा सर्वांत लोकप्रिय विदूषक आहे, हे ठाऊक असेल तरच त्यातील गंमत कळते. बेन एल्टन लिखित 'अपस्टार्ट क्रो' (२०१६) या बीबीसीच्या मालिकेत तो आजच्या दूरचित्रवाणीवरील विनोदवीराच्या ढंगात बोलतो आणि शेक्सपिअरच्या विनोदाला जुनाट ठरवतो. इतिहासात मात्र केम्पची शैलीच मागे पडली आणि शेक्सपिअरच्या विदूषकांनी नवे वळण घेतले. मालिकेतील थट्टा या उलटापालटीवर उभी आहे.