अर्न्स्ट ग्रुनफेल्ड : धाडसी बचावाचा सावध जनक

अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांचा जन्म 21 नोव्हेंबर 1893 रोजी व्हिएन्ना येथे झाला. घरची गरिबी आणि त्यातच बालपणी गमावलेला एक पाय; अशा मुलाला बुद्धिबळाच्या पटाने आधार दिला. डावाच्या सुरुवातीच्या चालींचा त्यांचा व्यासंग समकालीनांना थक्क करणारा होता.

1922 मध्ये त्यांनी एक धाडसी बचाव स्पर्धांत आणला. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना पटाचा मध्यभाग प्रतिस्पर्ध्याच्या प्याद्यांना खुशाल व्यापू द्यायचा आणि मग लांब कर्णावर रोखलेल्या उंटाने तोच पोखरायचा. तेव्हाची रूढ शिकवण याच्या नेमकी उलट होती. त्याच वर्षी व्हिएन्नात अलेक्झांडर अलेखिन या बचावापुढे पराभूत झाले. संतापाने त्यांनी आपला राजा दालनात भिरकावला, अशी आख्यायिका आहे. हेच अलेखिन 1927 मध्ये जगज्जेते झाले.

वास्तविक असाच बचाव 1855 मध्ये मोहेशचंद्र बॅनर्जी हे कलकत्त्यातील बॅरिस्टर जॉन कॉक्रेन यांच्याविरुद्ध खेळले होते. नाव मात्र व्हिएन्नाच्या खेळाडूचे लागले.

गंमत अशी, की स्वतः ग्रुनफेल्ड वृत्तीने सावध, बरोबरीत समाधान मानणारे. तरीही 1926 च्या बुडापेस्ट स्पर्धेत ते संयुक्तपणे पहिले आले. 1950 मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळाला. 3 एप्रिल 1962 रोजी व्हिएन्नातच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी वार्ना ऑलिम्पियाडमध्ये तरुण बॉबी फिशर यांनी जगज्जेत्या बोत्विन्निक यांच्यासमोर ग्रुनफेल्ड बचावच निवडला. डाव बरोबरीत सुटला.